पुसानचे प्रस्थान

प्रथम तारखा. पुढे कुणी ‘आता नीटसे आठवत नाही’ असे म्हणू नये, म्हणून त्या आधीच नोंदवून ठेवतो.

सन १९५२, दिवाळीच्या सुमारास. माझ्या मेहुण्यांनी कोरिया देशातील पुसान या बंदराच्या गावाहून माझ्या पत्नीस पत्र पाठवून एक वचन दिले. जबाबदार : मेहुणे.

सन १९५८, अक्षय्य तृतीया. पासपोर्ट, जहाज आणि रजा यांपैकी काहीही हाती नसताना आमचे पुसानचे प्रस्थान ठेवण्यात आले. जबाबदार : आमचे कुलोपाध्याय, यापुढे ‘भटजी’.

सन १९६४, श्रावण. सदर प्रस्थान मला न विचारता हलवण्यात आल्याचे उघडकीस आले. जबाबदार : माझे थोरले चुलतभाऊ, यापुढे ‘अण्णा’.

सन १९६५, मद्रासचा समुद्रकिनारा, सकाळची वेळ. जबाबदार : पुन्हा मेहुणे, आणि या खेपेस अधिक गंभीर स्वरूपात.

माझे नाव या यादीत नाही. मुन्सफ कोर्टात शिरस्तेदार म्हणून हयात घालवलेल्या माणसाने स्वतःहून आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहायचे नसते. तिथे उभे करायला माणसांची वानवा कधीच नसते.

आमची घराणी सुमारे तीनशे वर्षे या मुलखात आहेत. एवढ्या काळात आम्ही कन्नड शिकलो, आमटीऐवजी हुळी करायला शिकलो, थोरल्या भावाला अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणू लागलो. पण समुद्राशी आमचा संबंध मिठापुरताच राहिला. माझ्या पत्नीने लग्नापूर्वी समुद्र पाहिला नव्हता आणि लग्नानंतर तो दाखवणे मला जमले नाही. त्याला कारणे होती. कोर्टाच्या सुट्ट्या, बाळंतपणे, माझ्या मातोश्रींचे दीर्घ आजारपण. ही कारणे मी तिला वेळोवेळी समजावून दिली होती आणि तिने ती ऐकूनही घेतली होती. पटली असे ती कधी म्हणाली नाही.

मेहुणे हे तिचे धाकटे भाऊ. आई लवकर गेल्याने तिनेच त्यांना वाढवले. ते लष्कराच्या वैद्यकीय पथकात औषधांच्या कोठारावर होते आणि त्या पथकाबरोबर कोरियाच्या लढाईत गेले. ते तिकडे असेपर्यंत माझी पत्नी दुपारी पोस्टमनची वेळ झाली की फाटकाशी जाऊन उभी राहत असे. अशा एका दुपारी ते पत्र आले. ‘अक्का, आज सुट्टी होती. समुद्राकाठी खडकावर जाऊन बसलो. एवढे पाणी जन्मात पाहिले नव्हते. लढाई संपली की तुला इथे आणीन आणि याच खडकावर बसवीन.’

हा मजकूर मी त्याच दिवशी वाचला आणि आजही त्याचा अर्थ तोच लावतो. वचनाला अट एकच होती, लढाई थांबण्याची. ती पुढच्याच वर्षी थांबली. वचन त्या क्षणापासून अमलात आले.

मेहुणे परत आले, इथल्याच एका सरकारी कारखान्याच्या भांडारात लागले, आणि रविवारी सकाळी आमच्या बसवनगुडीच्या घराच्या ओट्यावर पुसानच्या सहलीची आखणी सुरू झाली. मुलांच्या शाळेचा नकाशा मधोमध पसरलेला असे. त्यात कोरिया सुपारीएवढा होता आणि पुसानसाठी ठिपका देण्याइतकीही जागा छापणाऱ्याला मिळाली नव्हती. मेहुण्यांनी तो ठिपका स्वतः पेन्सिलीने दिला.

‘तिथं जेवायचं काय?’ पत्नीने विचारले.

‘मासे.’

‘ते त्यांचं झालं. आपण काय जेवायचं?’

‘भात आहे की, अक्का. आणि कोबीचं लोणचं. तिखट, लसूण, सगळं घालून. त्याच्या भरण्या ते अंगणात पुरून ठेवतात.’

पत्नीने माझ्याकडे वळून पाहिले. ‘ऐकलंत? माझ्या दोन भरण्या माळ्यावर असतात तर तुमचं डोकं दुखतं. तिथं अख्खं अंगण लोणच्याचं आहे.’

‘मी फक्त वासाबद्दल तक्रार केली होती,’ मी म्हणालो. ‘भरण्यांबद्दल नाही.’

‘पुसानला गेल्यावर वासाबद्दल त्यांच्याकडे अर्ज द्या.’

चार दिवसांचा कार्यक्रम मी स्वतः कलमवार तयार केला. पहिला दिवस : बंदर, आणि मासळीबाजार, बाहेरून. दुसरा दिवस : डोंगरावरचे बौद्ध मंदिर. तिसरा दिवस : गरम पाण्याचे झरे, स्त्रियांची सोय वेगळी असल्यास. चौथा दिवस : समुद्रकिनारा आणि खडक, सकाळपासून सूर्यास्तापर्यंत. हा मसुदा वाचून दाखवल्यावर माझ्या पत्नीने एकच दुरुस्ती सुचवली. चौथा दिवस पहिला करावा.

मेहुण्यांनी हरकत घेतली. ‘अक्का, गोड शेवटी वाढतात.’

‘आपल्या पानावर पायस आधी वाढतात,’ ती म्हणाली. ‘लढाईवर जाऊन जेवायचं विसरलास का?’

दुरुस्ती मान्य झाली. तिकडच्या थंडीविषयी मेहुणे जे सांगत, त्यावरून जाड शालीची गरज दिसली, म्हणून आम्ही उभयता चिकपेटेच्या कापडबाजारात गेलो. दुकानदाराने विचारले, ‘उटीला चाललात का?’ मी म्हणालो, ‘कोरियाला.’ त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि तो वरच्या फळीकडे वळत म्हणाला, ‘सरी, ठीक आहे. मग स्वल्प जाड दाखवतो.’ या सर्व प्रकरणात ज्याने विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले, असा हा एकमेव गृहस्थ होय.

आता प्रस्थानाविषयी. नव्या पिढीला हा प्रकार ठाऊक नसेल. शुभ मुहूर्त आज असावा आणि प्रत्यक्ष निघणे मात्र पुढे होणार असावे, अशा वेळी प्रवास करणाऱ्याचे एखादे वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड यांचे गाठोडे बांधून त्या मुहूर्तावर ते जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवतात. गाठोडे निघाले म्हणजे माणूस निघाला. त्यानंतर माणसाने थोड्याच दिवसांत मागोमाग जायचे असते.

त्या वर्षी मेहुण्यांच्या ओळखीतल्या कुणा जहाजावरच्या माणसाने ‘लवकरच जागा मिळेल’ असा निरोप धाडला होता. भटजींनी पंचांग पाहिले आणि सांगितले की अक्षय्य तृतीया साधली तर साधली. त्यानंतर समुद्रप्रवासाला योग्य असा दिवस बराच काळ नाही.

‘पण अजून पासपोर्टचा अर्जही गेलेला नाही,’ मी म्हणालो.

‘पासपोर्ट माणसाला लागतो,’ भटजी म्हणाले. ‘प्रस्थानाला कशाला?’

दिशेवरून थोडा वाद झाला. भटजींच्या मते पुसान पूर्वेला होते, नकाशाप्रमाणे ईशान्येला. सुदैवाने अण्णा रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला असल्याने कृष्णराजपुरमला राहत, आणि त्यांचे घर दोन्ही पक्षांना चालण्याजोगे होते. माझा एक पंचा आणि पत्नीचा हिरवा खण असे गाठोडे बांधून आम्ही ते अण्णांच्या देवघरात ठेवून आलो. मेहुण्यांनी समुद्राकाठचे म्हणून जपलेले दोन शिंपले त्यात घातले.

इथे एक शास्त्रार्थ उद्भवला. प्रस्थान किती दिवस टिकते? भटजींनी सांगितले की जमिनीवरच्या प्रवासाला मर्यादा दिलेली आहे. समुद्रापलीकडच्या प्रवासाला त्यांच्या पोथीत ती दिलेली नाही, कारण असा प्रवासच पोथीला मान्य नाही. मी विचार करून मत दिले की जिथे मुदत लिहिलेली नाही तिथे ती आपल्या पदरची घालता येत नाही. हे मत कायद्याला धरून होते आणि मी ते आजही मागे घेत नाही. त्याचा पुढे जो उपयोग करण्यात आला, त्याची जबाबदारी उपयोग करणाऱ्यांवर आहे.

दोन वर्षांनी माझ्या पत्नीच्या मावसबहिणीच्या नातवाची मुंज उडुपीला ठरली. घरापासून समुद्र दिसतो, असे आमंत्रणातच लिहिले होते. पत्नीने ट्रंक काढली. भटजी त्या दिवशी सत्यनारायणासाठी आले होते. त्यांनी ट्रंक पाहिली आणि विचारले, ‘कुठे?’

‘उडुपीला.’

‘म्हणजे पश्चिमेला.’ ते पाटावर बसले. ‘वहिनी, तुम्ही पूर्वेच्या प्रवासात आहात.’

‘मी स्वयंपाकघरात आहे,’ ती म्हणाली.

‘प्रस्थान ठेवल्यापासून तुम्ही वाटेवर आहात. वाटेवरच्या माणसानं उलट दिशेला जाणं म्हणजे निघाल्या कामावर पाणी. मग पुसान झालं नाही तर माझ्याकडे येऊ नका.’

‘गाठोडं परत आणलं तर?’

‘मग पुसान संपलं.’

तिने माझ्याकडे पाहिले. प्रस्थान अद्याप लागू आहे हे मला नाकारता येत नव्हते. ते मत माझेच होते. पासपोर्टचा अर्ज एव्हाना कचेरीत गेलेला होता आणि प्रवासाच्या हेतूपुढे मी ‘बहिणीस दिलेल्या वचनाची पूर्तता’ असे लिहिले होते. उत्तर कोणत्याही टपालाने येण्यासारखे होते. अशा वेळी आपणच दावा काढून घेणे शहाणपणाचे नव्हते. संध्याकाळी मेहुणे आले आणि त्यांनी जे वाक्य उच्चारले, त्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ते म्हणाले, ‘अक्का, हा इथला समुद्र बघून काय करशील? तो वेगळा, पुसानचा वेगळा. पहिली नजर त्याच्यासाठी ठेव.’

ट्रंक परत पलंगाखाली गेली. पुढे कारवारच्या एका लग्नाच्या वेळीही हेच झाले. माणसे तीच, वाक्ये तीच. फक्त पत्नीने या वेळी ट्रंक काढलीच नाही; आमंत्रणपत्रिका आली तेव्हा तिने ती वाचून भटजींच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘तुम्हीच जाऊन या.’ ते गेलेही. येताना त्यांनी तिच्यासाठी सुकवलेली कोकमे आणली.

दरम्यान माझा पत्रव्यवहार चालू होता. हेतूचा अधिक खुलासा मागवण्यात आला. मी तो दिला. मग परदेशी चलनाचा प्रश्न निघाला. केवळ पाहण्यासाठी म्हणून परदेशी जाणाऱ्यास चलन मिळत नाही, असे कळवण्यात आले. मी उत्तरात विचारले की न पाहण्यासाठी परदेशी जाणाऱ्यास ते मिळते काय. याला उत्तर आले नाही. मी स्मरणपत्रे पाठवली आणि वृत्तपत्रांनाही लिहिले. एका संपादकाने पत्र छापले, पण पुसानच्या जागी जपान घातले. पत्नी ते वाचून म्हणाली, ‘बघा, छापणाऱ्यालासुद्धा खरं वाटत नाही.’

सन १९६४ च्या श्रावणात तिने निर्णय घेतला. मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशी, मी पूजा आटोपून उठत असताना, ती नेसून तयार उभी होती.

‘कृष्णराजपुरमला जाऊ. गाठोडं आणू.’

‘म्हणजे पुसान संपेल,’ मी म्हणालो.

‘माझे पाय संपायच्या आधी काहीतरी संपू दे. उडुपी चालेल मला. कुठलंही चालेल.’

आम्ही गेलो. अण्णांच्या दारात एक अपरिचित तरुण बाई निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. अण्णांची बदली होऊन ते गेले, असे तिने सांगितले. कुठे, ते तिला ठाऊक नव्हते. शेजारच्या वृद्ध बाईंना ठाऊक होते. त्या आमच्यातल्याच, जुन्या घराण्यातल्या.

‘मद्रासला गेले की. उन्हाळ्यातच. तुम्हाला कळवलं नाही?’

‘त्यांच्या देवघरात एक गाठोडं होतं,’ माझी पत्नी म्हणाली.

‘कोरियाचं? ते नेलं त्यांनी. बाकीचं सामान मालगाडीच्या वाघिणीत घातलं आणि ते मांडीवर घेऊन बसले गाडीत. कुणाला हात लावू देईनात.’

मी त्याच संध्याकाळी अण्णांना पत्र लिहून विचारले की दुसऱ्याचा प्रवास परस्पर हलवण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला. उत्तर उलटटपाली आले. अण्णा लिहितात : ‘परक्या माणसाच्या घरी प्रस्थान सोडता येत नाही. मागे, म्हणजे तुमच्याकडे पाठवले असते तर मोडले असते. पुढे नेण्यास मात्र शास्त्राची हरकत नाही आणि मद्रास पूर्वेलाच आहे. तेव्हा तुमचा प्रवास मी थोडा पुढे नेला आहे. देवघराच्या खिडकीतून समुद्राचा वारा येतो. गाठोडे सुखरूप. राग नसावा.’

हे पत्र मी पत्नीला वाचून दाखवले. तिने ते हातात घेऊन पुन्हा वाचले.

‘माझा खण समुद्राकाठी जाऊन राहिलाय,’ ती म्हणाली, ‘आणि मी इथं हुळीला फोडणी घालतेय.’

तिने भटजींना बोलावून घेतले. जन्मभर कोर्टात मी उलटतपासण्या ऐकल्या, पण इतकी आटोपशीर ऐकली नव्हती.

‘गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. खरं ना?’

‘खरं.’

‘गाठोडं आता मद्रासला आहे.’

‘आहे खरं.’

‘मग मी कुठं असायला हवी?’

भटजींनी पंचांग उघडले, मिटले आणि निघण्याचा दिवस काढून दिला.

अण्णांचे आमंत्रण, माझी तयारी आणि मेहुण्यांची रजा यांचा मेळ बसायला पुढचे वर्ष उजाडले. आम्ही तिघे मद्रासला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांसह किनाऱ्यावर गेलो. अण्णांनी छत्री धरली होती. माझी पत्नी छत्रीतून बाहेर पडली, चपला काढून तिने हातात घेतल्या आणि ओल्या वाळूपर्यंत चालत गेली. पहिली लाट आली तेव्हा ती मागे सरली नाही. लुगड्याचा काठ भिजला तो तिने पाहिलाही नाही. थोड्या वेळाने तिने भावाला हाक मारली.

‘पुसान कुठल्या बाजूला?’

त्यांनी हात केला, डावीकडे, जरासा तिरपा.

‘इथं खडक नाही,’ ती म्हणाली.

‘इथं वाळूच आहे, अक्का.’

‘तेच म्हणते. खडक तिकडं आहे.’

तेव्हा माझे मेहुणे बोलले. मी तीन पावलांवर होतो, अण्णा साक्षीला होते, वारा आमच्या दिशेने वाहत होता. ते म्हणाले, ‘आता पाहिलास ना समुद्र? झालं तर मग. सगळीकडे पाणी एकच, अक्का. पुसानचं आता राहू दे.’

ज्या गृहस्थांनी उडुपीच्या वेळी समुद्र वेगळा असल्याची जबानी दिली, तेच मद्रासला तो एकच असल्याची जबानी देत होते. पहिल्या जबानीवर विसंबून माझ्या पत्नीने दोन समुद्र सोडले होते. दुसऱ्या जबानीवर तिने तिसरा सोडावा, अशी अपेक्षा होती. ती त्यांनी दाखवलेल्या दिशेला तोंड करून वाळूत बसली आणि ऊन चढेपर्यंत बसून राहिली. मेहुणे तिच्या मागे उभे होते. त्यांनी दोनदा ‘चल आता’ म्हटले.

घरी आल्यावर मी प्रस्ताव मांडला की आता समुद्रदर्शन झाले असल्याने गाठोडे परत न्यावे आणि प्रकरण निकाली काढावे. अण्णांनी ते देवघरातून आणलेही. खणाचा रंग उडालेला होता. अण्णांच्या पत्नीने दर पाडव्याला आतले तांदूळ बदलले होते. माझ्या पत्नीने गाठ सोडली, आतले शिंपले पाहिले, गाठ पुन्हा बांधली आणि गाठोडे अण्णांच्या हातात दिले.

‘इथंच असू दे. मी जाईन तेव्हा नेईन.’

‘कुठे जाशील?’ मी विचारले.

‘तुम्ही कलमं लिहिली होती ना? पहिल्या दिवशी खडक.’

परतीच्या गाडीत तिने भावाला एकदाच विचारले की कधी न्यायचे. ते म्हणाले, ‘बघू.’ तेव्हापासून ते रविवारी येत नाहीत. कारखान्यात काम वाढले आहे, असा निरोप येतो. सणाला येतात, पण पान मांडेपर्यंत ओट्यावर न बसता परसात उभे राहतात.

त्यांची कारणे असतील. लढाईतल्या इस्पितळाचे कोठार सांभाळलेल्या माणसाने तिथे काय काय बाहेर काढून दिले आणि कुणासाठी, हे मी कधी विचारलेले नाही आणि इथेही विचारत नाही. एखाद्या गावी पुन्हा पाऊल टाकणे त्यांना नको असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. परंतु ज्या बहिणीने त्यांच्या प्रत्येक पत्रासाठी फाटकाशी उभे राहून दिवस काढले, तिला ‘बघू’ या शब्दावर ठेवण्याचा हक्क त्यांना नाही. तिने ती शाल अजून उन्हाला घालून घडी करून ठेवली आहे, आणि पुसानमध्ये कोणत्या महिन्यात फार थंडी नसते, हे ती मला विचारते. मला ते माहीत नाही. ज्याला माहीत आहे, तो परसात उभा राहतो.

सबब माझी मागणी अशी. आमच्या समाजाच्या गणेशोत्सवात, आरतीनंतर सर्व मंडळी मंडपात असताना, मेहुण्यांनी उभे राहून आणि अक्काकडे तोंड करून उत्तर द्यावे : पुसानचा समुद्र आणि मद्रासचा समुद्र एकच की वेगळे? एकच असतील, तर उडुपी आणि कारवार कुणी आणि का बुडवले? वेगळे असतील, तर निघायचे कोणत्या महिन्यात? नेणे होत नसेल, तर का होत नाही, ते तिला सांगावे. ती ऐकून घेईल, तिने माझी कारणेही ऐकली आहेत. ‘बघू’, ‘स्वल्प थांबा’ आणि मान हलवणे, ही उत्तरे म्हणून स्वीकारली जाणार नाहीत.